शेवटच्या रकान्यातलं पर्यावरण

मागच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या टीमला आठवलं, की रिलीजच्या चेकलिस्टमध्ये 'सिक्युरिटी रिव्ह्यू' असाही एक रकाना आहे. बाकी सगळं तयार, क्लायंट वाट बघतोय. एकाने विचारलं, "झालाय का तो?" दुसरा म्हणाला, "लॉगिन आहे ना आपल्याकडे? टाक मग 'येस'." टाकलं. (टाकणारा मीच. लपवून काय उपयोग.)

शनिवारी चहा घेता घेता वाचत बसलो होतो तो विषय अगदीच वेगळा. श्रीमंत देश गरीब देशांना विकासासाठी पैसे देतात, त्यात पर्यावरण आणि हवामानबदलाचा विचार कसा होतो, वगैरे. दोन पानांतच लक्षात आलं, अरे, हा तर आमचाच शुक्रवार!

पद्धत अशी आहे. ओईसीडीच्या नियमाप्रमाणे देणाऱ्या देशाने प्रत्येक प्रकल्पापुढे एक आकडा टाकायचा. हवामान हा मुख्य उद्देश असेल तर २, इतर उद्देशांबरोबरचा एक असेल तर १, काहीच संबंध नसेल तर ०. याला रिओ मार्कर म्हणतात. आकडा टाकतो कोण? पैसे देणाराच. १ मिळालेल्या प्रकल्पाची किती रक्कम हवामान निधीत धरायची, हेही ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी ४० टक्के धरतो, कुणी अख्खी. इनपुट तेच, आउटपुट देशागणिक वेगळं!

देशांनी हवामान निधी म्हणून दाखवलेले प्रकल्प २०२३ साली रॉयटर्सने तपासले. त्यात आशियात चॉकलेट-आइस्क्रीमची दुकानं काढायला इटलीने केलेली मदत निघाली. बेल्जियमच्या पैशातून झालेला, अर्जेंटिनाच्या जंगलात घडणाऱ्या प्रेमकथेचा एक सिनेमाही निघाला. इथपर्यंत हसून सोडून देता येतं. पण बांगलादेशात कॉक्स बझार जिल्ह्यात मातारबारीला १२०० मेगावॉटचा कोळशावरचा वीज प्रकल्प जपानच्या कर्जातून उभा राहिला, आणि तोही त्याच यादीत. कारण काय, तर नवं तंत्रज्ञान जुन्यापेक्षा कमी कोळसा जाळतं. समुद्र ज्यांच्या दारात येतोय, त्यांनीच हे कर्ज व्याजासकट फेडायचं.

मला हा नुसता हिशेबाचा घोटाळा वाटत नाही. कशानंतर काय करायचं, तो क्रमच चुकलाय. पर्यावरण शेवटच्या रकान्यात असेल, तर तिथे 'येस'च पडणार.

आपल्याकडचं उदाहरण सरदार सरोवराचं. १९८५ साली जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर कबूल केले. पर्यावरण खात्याची मंजुरी आली १९८७ मध्ये, म्हणजे कर्जानंतर. तीही सशर्त : पर्यावरणाचे अभ्यास बांधकामाबरोबरच पूर्ण करायचे. आमच्या भाषेत, आधी रिलीज करा, टेस्टिंग चालू राहील. बँकेनेच नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने १९९२ साली बँकेला सांगितलं, की थांबा, मागे या. १९९३ च्या मार्चमध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. धरण पुढे आपण आपल्या पैशांनी बांधलंच. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात आली, मणिबेलीपासून. त्यातून एक गोष्ट मात्र जगाला मिळाली : १९९३ साली बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केलं, जिथे प्रकल्पाचा फटका बसलेली माणसं थेट तक्रार करू शकतात.

आणि नेमक्या त्याच काळात, त्याच महाराष्ट्रात, परदेशी पैसा उलट्या क्रमानेही आला होता. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम. पैसा जर्मनीचा, नाबार्डमार्फत. मूळ प्रेरणा फादर हर्मन बाखर यांची. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला १९९६ मध्ये काम सुरू झालं. गावाने आधी श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायचं, मग मोठा निधी. काम माथा ते पायथा. डोंगरावर आधी समतल चर आणि झाडं, नाल्यावरचे बांध नंतर. उलट केलं तर वरची माती वाहून येते आणि बांध गाळाने भरतो. इथे पर्यावरण हा रकाना नव्हता, पैसे मिळण्याची अट होती.

सगळं गोड होतं असंही नाही. अशा कामांत चराईबंदीचा भार पडतो शेळ्या पाळणाऱ्यांवर, ज्यांच्याकडे बहुतेकदा जमीनच नसते. चरातलं पाणी शेवटी विहीरवाल्याच्या विहिरीत जातं. म्हणून मला वाटतं, तो ०-१-२ चा आकडा टाकायचाच असेल तर जिथे काम होणार तिथल्या माणसांनी टाकावा, आणि पैसे सुटण्याआधी. घेणाऱ्या सरकारने नव्हे. नर्मदेवर घेणारं सरकार आपलंच होतं.

२०२४ साली बाकूच्या परिषदेत ठरलं, की विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करायचे. हवामान निधी नेमकं कशाला म्हणायचं, याची सगळ्या देशांनी मान्य केलेली एक व्याख्या मात्र नाही. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटशिवाय एवढं बजेट आमच्या मॅनेजरने पास केलं असतं, तर आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. :-)

असो. सोमवारी जाऊन तो 'येस' खोडायचा आहे.