मशिदीच्या भिंतीवरील देववाणी

श्रीगणेशाच्या आगमनाने घरोघरी मंगल वातावरण असता आम्ही मशिदीविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. पण करवीरातील बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावरच गणेश कोरलेला आहे, आणि आपल्याच जिल्ह्यातील कुरुंदवाडच्या पाच मशिदींत गणपती बसविण्याची प्रथा आहे. तेव्हा विषय प्रसंगास सोडून नाही.

बऱ्हाणपूरची जामा मशीद फारुकी घराण्यातील आदिलशाहाने बांधविली. तिच्या भिंतीवर अरबी लेखाच्या जोडीस संस्कृत शिलालेख आहे. आरंभी सृष्टिकर्त्यास नमन, मग तो ईश्वर अव्यक्त, सर्वव्यापी व गुणातीत असल्याचे स्तवन, पुढे राजाची वंशावळ आणि अखेरीस शके 1511, म्हणजे इसवी 1590, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष, वार, नक्षत्र यांसह मुहूर्त! आपल्या वास्तुशांतीच्या संकल्पाहून यात निराळे ते काय? अल्लाचे वर्णन करण्यास त्या पंडितास नवा शब्द घडवावा लागला नाही. उपनिषदांची परिभाषाच पुरली. 'वृक्षार्णव' या पश्चिम भारतातील शिल्पग्रंथात तर मशिदीच्या रचनेवर स्वतंत्र अध्याय असून तीस 'रहमाणप्रासाद' असे नाव आहे. देवळे उभारणाऱ्या सूत्रधारांनी तिला आपल्या शास्त्रात जागा दिली, ती मूर्तीवाचूनचे देवालय म्हणून.

शास्त्राप्रमाणे हवापाण्याचेही तसेच. कोकणातील जुन्या मशिदी जांभ्याच्या व कौलारू. कोळिकोडची मिस्काल मशीद लाकडाची, बिनघुमटाची.

विजापुरास करीमुद्दिनाच्या 1320 मधील मशिदीत देवळाचे खांब उभे आहेत, हेही खरे. ते झाकून ठेवावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण सातशे वर्षांपूर्वीच्या त्या खांबांचा हिशेब विशाळगडाजवळच्या गजापुरातील मशिदीवर 14 जुलै 2024 रोजी चालून जाऊन चुकता होतो, हे कोणत्या धर्मशास्त्रात सांगितले आहे? आम्हांस तरी ते वचन आढळले नाही.

अलीकडे गावोगावी एकाच साच्याचे सिमेंटचे घुमट उठतात, त्यांत ना गावचा दगड, ना गावचा गवंडी. आमच्या नव्या देवळांची कळाही तीच, म्हणून एकट्या मशिदीस बोल लावण्यात अर्थ नाही.

यंदा कसबा बावड्यातील कीर्तनात पूर्वरंगास हाच बऱ्हाणपूरचा लेख घेण्याचा आमचा मानस आहे. ज्यांस आक्षेप घ्यावयाचा त्यांनी अवश्य घ्यावा. मात्र मूळ संस्कृत वाचून यावे.