पडद्यावरची मोटार आणि पत्र्याचा गंज

आय.टी.आय.त वेल्डिंग शिकणाऱ्या एका वाचकपुत्राने विचारले आहे, की सिनेमातल्या मोटारींच्या हुबेहूब प्रतिकृती परदेशातले लोक घरच्या घरी कशा बनवतात? प्रश्न शेतीचा नाही. पण उत्तरात पत्रा, गंज आणि लांबी येते, आणि ही मंडळी आपल्या ट्रॉलीलाही सोडत नाहीत. म्हणून लिहितो.

ऑस्ट्रेलियात १९७९ साली ‘मॅड मॅक्स’ हा चित्रपट निघाला. त्यातली काळी मोटार म्हणजे १९७३ची दोन दारी फोर्ड फाल्कन. तिचे पुढचे नाक आणि चाकांवरच्या रुंद कडा फायबरच्या करून बसवल्या होत्या. १९८१च्या दुसऱ्या चित्रपटानंतर ती भंगारात पडली, पुढे एका शौकिनाने वाचवली. तिच्या प्रतिकृती तिकडचे हौशी लोक आपल्या शेडमध्ये वर्षानुवर्षे खपून तयार करतात. (जाता जाता सांगतो. याच फोर्डने तिथे १९३४ साली ‘यूट’ नावाची, पुढे मोटार नि मागे हौदा अशी गाडी काढली. रविवारी चर्चला जाता यावे आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता यावीत, असे पत्र एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला धाडले होते म्हणतात. आपल्या भगिनींनीही ट्रॅक्टरवाल्यांना पत्रे लिहायला हरकत नाही!)

जुनी फाल्कन घेतली की पहिले काम रंग खरवडण्याचे. मग खरी स्थिती कळते. चाकांवरची कमान, दाराखालचा उंबरा, डिकीचा तळ, काचेखालची खाच, म्हणजे जिथे चिखल आणि पाणी साचते तिथे पत्रा चाळणी झालेला असतो. तो चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा आणि त्याच जाडीचा तुकडा बसवायचा. वेल्डिंग सलग ओढले तर पातळ पत्रा तापून पोट काढतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा दूर तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचे. राहिलेले खड्डे मागे डॉली धरून हातोडीने उठवायचे. लांबी शेवटी, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. वर काळा रंग यायचा असेल तर फारच जपावे लागते, कारण काळ्यात प्रत्येक खळगा दिसतो. डोळ्यापेक्षा तळहाताला तो आधी कळतो.

गंजावर लांबी थापणारे कारागीर सगळीकडे आहेत. वरून चकाकते, आत गंज चालूच राहतो आणि एखाद-दोन पावसाळ्यांत फुगा येतो. जुना ट्रॅक्टर किंवा ट्रॉली घेताना लहानसे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे पकड ढिली, तिथे लांबी जाड. (भाग मुळात फायबरचा असेल तर चुंबक चिकटणारच नाही, ते आधी विचारा.) आणि खत वाहिल्यावर ट्रॉली त्याच दिवशी धुऊन वाळवा. खताचा क्षार ओल धरतो आणि पत्रा खातो.

आता फायबर. साच्याला मेण लावून त्यावर काचतंतूंची चटई आणि रेझिन थरावर थर देतात. टाकीची गळती काढायला हेच सामान आपल्याकडे मिळते, म्हणून नीट वाचा. रेझिनबरोबर दोन बाटल्या येतात. जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखा हार्डनर. हे दोन्ही एकमेकांत कधीही थेट मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर, वजनाच्या शेकडा एक ते दोन. लवकर वाळावे म्हणून जास्त ओतला तर डबा तापून धुमसतो. भर उन्हात हे काम नको. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नये. तरी उडालाच तर निदान पंधरा मिनिटे पाण्याची धार धरून तडक दवाखाना गाठावा. घासताना तोंडावर मास्क हवा आणि पोराबाळांना लांब ठेवावे.

या मुलाने भंगारातले एखादे मडगार्ड आणून टाके घालायला शिकावे. मात्र रस्त्यावरच्या गाडीचे रूप पालटण्याआधी आर.टी.ओ.त विचारावे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीत मनाजोगा बदल करता येत नाही. आणि वेल्डिंग चालू असताना धाकटी भावंडे काचेविना ठिणगीकडे बघत बसतात, त्यांना आधी बाहेर पाठवावे. त्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन सारे घर जागते.