मुंग्यांवरची गोळी

पायाला मुंग्या आल्या, कन्नडात 'जोमु' म्हणा, की आपल्याकडे दुकानातून 'बी कॉम्प्लेक्स'ची पट्टी येते. डॉक्टरांना कशाला विचारायचं, जीवनसत्त्वच ते! लघवी गर्द पिवळी झाली की मात्र घबराट. ती बी-२ मुळे होते, त्यात काळजीचं काही नाही. पाहायचं ते बी-६ कडे, म्हणजे पट्टीवरच्या 'पायरिडॉक्सिन'कडे. रोजची गरज दोन-तीन मिलिग्रॅम. काही गोळ्यांत असतं ५० किंवा १००. महिनोन्‌महिने तेवढं पोटात गेलं तर नसांना इजा होऊन मुंग्याच येऊ शकतात! माणूस म्हणतो, गुण नाही. आणि गोळी वाढवतो.

फॉलिक ॲसिडची तऱ्हा वेगळी. बी-१२ कमी असताना नुसतं तेच घेतलं तर रक्त सुधारतं, नसांची झीज मात्र आत चालूच राहते. शाकाहारी घरांत, तसंच मधुमेहावर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता नवलाची नाही. दूध-दह्यातून थोडं बी-१२ मिळतं, भाकरी-भाजीतून नाही. (गरोदर बाईने डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी हे वाचून बंद करू नये.) मुंग्या थांबत नसतील तर बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या.