वस्तूची किंमत आणि वस्तूची हकीकत

२०२१ च्या ऑगस्ट महिन्यात लॉस एंजेलिस येथे बोनहॅम्स या लिलावगृहाने एक जुने कोल्ट रिव्हॉल्वर विक्रीस काढले. त्याची घडण अगदी साधी होती. नवे असताना असे शस्त्र वीस डॉलरांच्या आत मिळत असे. या एका नगाला मात्र साठ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोतील फोर्ट सम्नर येथे शेरीफ पॅट गॅरेट याने 'बिली द किड' या तरुण गुन्हेगाराला याच शस्त्राने ठार केले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेची वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली. गुरांचे कळप, खाणी आणि रेल्वे आधी पोहोचली, कायदा मागाहून आला. त्या सरहद्दीवरचे शेरीफ, दरोडेखोर आणि तेथील मूळ रहिवाशांचे नायक दंतकथांत गेले, आणि त्यांच्या वस्तू जमवणे हा धनिकांचा छंद झाला. त्या छंदाचा पुढे मोठा बाजार बनला.

या बाजारात लोखंडाला किंमत नसते. किंमत असते ती वस्तूच्या हस्तांतराच्या पुराव्याला. गॅरेटचे रिव्हॉल्वर मुळात त्याचेही नव्हते. बिलीच्या टोळीतील बिली विल्सन याला १८८० च्या डिसेंबरात पकडले, तेव्हा त्याच्याकडून ते घेतलेले होते. पुढे ते एल पासो येथील एका मद्यगृहात मांडून ठेवण्यात आले. १९०८ साली गॅरेट मारला गेला. त्याच्या पत्नीला ते परत मिळवण्यासाठी १९३० च्या दशकात न्यायालयात जावे लागले. त्या वेळी तो दावा म्हणजे कुटुंबाच्या कपाळी आलेला ताप होता. पण त्याचेच कागद पुढे वस्तूचे भक्कम प्रमाणपत्र ठरले. व्यापाऱ्यास हे नवे वाटणार नाही. हुंडीची पत कागदात नसते, तिच्यावर ज्यांच्या सह्या असतात त्यांच्यात असते.

कधी वस्तू स्वतःच साक्ष देते. बिलीचे पत्र्यावर उतरवलेले छायाचित्र २०११ साली डेन्व्हरच्या लिलावात तेवीस लाख डॉलरांना विकले गेले. त्या चित्रात त्याच्या कमरेचे पिस्तूल डाव्या बाजूस दिसते. त्यामुळे तो डावखुरा होता, अशी समजूत अनेक वर्षे रुजली आणि तिच्यावरून चित्रपटही निघाला. पुढे जाणकारांचे लक्ष त्याच्या हातातील विंचेस्टर बंदुकीकडे गेले. त्या बंदुकीत काडतूस भरण्याचे तोंड उजव्या अंगाला असते. चित्रात ते डावीकडे होते. म्हणजे पत्र्यावरची प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी उमटली होती. एका बारीक खुणेने सर्वमान्य कथा खोटी ठरवली.

जेथे हौस असते तेथे नक्कल येणारच. डॉज सिटीचा नामांकित शेरीफ बॅट मास्टरसन उतारवयात न्यूयॉर्कला वृत्तपत्रात लिहीत असे. लोक त्याच्याकडे त्याचे जुने पिस्तूल मागत. तेव्हा तो गहाणवटीच्या दुकानातून जुनी पिस्तुले आणून, मुठीवर खाचा पाडून त्यांना देई, अशी आख्यायिका आहे. दरोडेखोर जेसी जेम्स १८८२ साली मारला गेला. त्याची आई पैसे घेऊन त्याची कबर दाखवी आणि कबरीवरचे खडे विकी. खडे संपले की ओढ्यातून नवे आणून टाकले जात, असे सांगतात. विकत घेणाऱ्याने दगड घरी नेला आणि त्यावर आपली श्रद्धा ठेवली, इतकेच.

अपाची योद्धा जेरोनिमो याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. १८८६ साली तो शरण आला आणि १९०९ साली मृत्यूपर्यंत युद्धकैदीच राहिला. १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात त्याला लोकांपुढे बसवले होते. तेथे तो आपली छायाचित्रे आणि सही काही सेंटांना विकी. प्रवासात स्थानकावर गर्दी जमली की तो कोटाची बटणे तोडून विकी आणि पुन्हा नवी लावून घेई, असेही सांगतात. येथे वस्तू खरी, विक्रेता खरा, व्यवहार रोखीचा. पण विकणारा स्वतंत्र नव्हता.

याहून कठीण प्रसंग लाकोटा जमातीचा नायक सिटिंग बुल याचा. १५ डिसेंबर १८९० रोजी त्याला अटक करण्यास गेलेल्या पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. शव फोर्ट येट्स येथे असताना लष्करातील एका वैद्याने त्याच्या केसांची बट आणि पायांवरचे वस्त्र काढून घेतले. पुढे दोन्ही स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. संग्राहकाच्या दृष्टीने याहून स्वच्छ नोंद कोणती? कोणी घेतले, केव्हा घेतले, कोठे ठेवले, सारे लिहिलेले होते. फक्त घेण्याचा हक्क कोणी दिला, त्या रकान्यात काही नव्हते.

१९८९ साली अमेरिकेने कायदा करून मूळ रहिवाशांचे अवशेष परत करण्याचे बंधन स्मिथसोनियनवर घातले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने ते सरकारी निधी घेणाऱ्या इतर संग्रहालयांवरही आले. त्यानुसार २००७ साली केस आणि वस्त्र सिटिंग बुलच्या वंशजांच्या स्वाधीन झाले. केसांचा बहुतेक भाग पणतूने आपल्या रीतीप्रमाणे विधीत अग्नीस अर्पण केला. उरलेल्या तुकड्यावरून २०२१ साली शास्त्रज्ञांनी तो त्याचाच पणतू असल्याची खात्री पटवली. जे केस शतकभर काचेआड होते, त्यांनी अखेर घरच्यांच्या बाजूने साक्ष दिली.

जुनी वस्तू घेणाऱ्याने म्हणून दोन प्रश्न विचारावेत. ही वस्तू खरोखर त्याचीच का? आणि त्याच्या हातून ती कशी सुटली? पहिला प्रश्न बाजार स्वतःच विचारतो, कारण त्यात त्याचा पैसा गुंतलेला असतो. दुसरा विचारणे ग्राहकाच्या नीतीवर सोपवलेले असते.

आपल्या घरातही आजोबांचे घड्याळ, पेढीचा गल्ला, पहिल्या दुकानाचा तराजू असतो. त्याचे मोल लाखांत नसेल. तरी तो कोणाचा, केव्हाचा, कोणाकडून आला, हे दोन ओळींत लिहून त्याच्यासोबत ठेवावे. हकीकत सांगणारा माणूस गेला की वस्तू मुकी होते. आणि मुक्या वस्तूच्या तोंडी कोणीही काहीही घालू शकतो.