विश्लेषण : मालवणात फ्लॅट घेतला, ताबा रखडला, मध्यस्थीने वाद सुटेल का?

गणपतीला गावी आलेला चाकरमानी आरती झाली की बुक केलेल्या इमारतीकडे एक चक्कर मारतो. लिफ्टची जागा रिकामीच असते. बिल्डरचे उत्तर ठरलेले : 'दिवाळीनंतर बघूया.' दावा लावायचा तर मुंबईहून रजा काढून फेऱ्या माराव्या लागतील, ही भीती. त्यात बिल्डर अनेकदा ओळखीतलाच. मध्यस्थीची सोय कायद्यात आहे. पण कुठे जायचे, हे बरेचसे इमारतीच्या आकारावर ठरते.

प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल तर?

महारेराचा सलोखा मंच 2018 पासून आहे. पीठावर एक ग्राहक संघटनेचा आणि एक विकासकांच्या संघटनेचा प्रतिनिधी असतो. ते निकाल देत नाहीत. दोघांना पटेल असा तोडगा काढायला मदत करतात. बिल्डरने संमती दिली तरच बैठक होते. जमले नाही तर महारेराकडे रीतसर तक्रारीचा मार्ग खुला राहतो.

बोलणीला बसण्यापूर्वी आपला हक्क माहीत हवा. रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार ताबा लांबला तर ग्राहक सव्याज पैसे परत मागू शकतो. घर हवेच असेल, तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज मागू शकतो. 'व्याज सोडा, सहा महिन्यांत चावी देतो' असा प्रस्ताव आला, तर आपण किती रक्कम सोडतोय ते आधी कागदावर मांडा. आणि चावी म्हणजे ताबा नव्हे. भोगवटा प्रमाणपत्राची तारीख तडजोडीत लिहून घ्या.

सहा फ्लॅटच्या इमारतीचे काय?

किनारपट्टीवरची खरी अडचण ही आहे. 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर रेरा नोंदणीची सक्ती नाही. अशा ग्राहकासाठी जवळचा रस्ता ग्राहक आयोगाचा. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. सिंधुदुर्गचा आयोग सिंधुदुर्गनगरीत आहे. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करण्याची मुभा दिली. म्हणजे डोंबिवलीत राहणाऱ्याला त्यासाठी ओरोस गाठायची गरज नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

तडजोडीची शक्यता दिसली तर आयोग दोन्ही बाजूंना मध्यस्थीसाठी पाच दिवसांत लेखी संमती द्यायला सांगू शकतो. समझोता झाला की मध्यस्थाचा अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत आयोग तसा आदेश काढतो. गावच्या बैठकीतल्या शब्दात आणि यात फरक आहे तो इथे : बिल्डरने शब्द फिरवला तर हा आदेश अमलात आणायला लावता येतो. समझोता झाला नाही, तर त्याच तक्रारीची सुनावणी पुढे चालते.

मुदतीचे काय?

ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षे. ताबाच दिला नसेल तर तक्रारीचे कारण चालूच राहते, असे न्यायालयांनी मानले आहे. पण ताब्यानंतरची गळती किंवा कमी भरलेले क्षेत्रफळ यासाठी ही सवलत गृहीत धरू नका. पहिल्या पावसात भिंत ओली झाली आणि बिल्डर 'पुढच्या पावसाआधी करून देतो' म्हणत राहिला, तर दोन पावसाळे सहज जातात. फोनवरच्या बोलण्याने मुदत थांबत नाही. गळतीचे तारखेसह फोटो आणि एक लेखी नोटीस पहिल्याच पावसात तयार ठेवा. बोलणी त्यानंतरही करता येतात.