घरातल्या सिनेमांची नोंदवही : मुलांसाठी एक सोपा उपक्रम



वर्गीकरण आपण वर्गात शिकवतो. मी मात्र घरी त्यातच नापास झालो, ते आधी सांगतो.

अकोल्याच्या मामांकडे जुन्या सिनेमांचा खोकाभर संग्रह होता. मामा गेल्यावर आवराआवर करताना दोन डीव्हीडी सापडल्या. दोन्हींवर मामांच्या अक्षरात एकच शब्द, 'कुंकू'. "दोन दोन कायले ठेवता?" म्हणत जास्त ओरखडे असलेली मी भंगारात दिली. दिवाळीत मामींनी उरलेली लावली आणि म्हणाल्या, "हे तं हिंदी हाय बाप्पा. आपली कुठी गेली?"

प्रभातने १९३७ साली हा सिनेमा दोन भाषांत काढला होता. मराठीत 'कुंकू', हिंदीत 'दुनिया न माने'. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नायिका शांता आपटे, दोन्हींत तीच माणसं. मराठी डीव्हीडीवर ओरखडे का होते, हे मला तेव्हा कळलं. मामा-मामी तीच लावून बसायचे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, नुसतं नाव लिहिलं म्हणजे नोंद झाली असं नाही. 'श्यामची आई' म्हटलं तर अत्र्यांचा १९५३ चा की २०२३ चा? दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली. आज उरलेली रिळं नेमकी कोणत्या सालची, यावर अभ्यासकांत वाद आहे. एवढ्या मोठ्या सिनेमाची ही गत, तर आपल्या खोक्याचं काय?

पाठ्यपुस्तकावर आपण प्रथमावृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगळं वाचतो ना? तसंच इथे करायचं. मुलांना वहीत रकाने आखू द्या :

१) नाव आणि भाषा
२) सिनेमाचं साल, सीडीचं साल वेगळं
३) कॅसेट, व्हीसीडी की डीव्हीडी
४) किती मिनिटं
५) कोणी आणली, कोण पाहायचं

व्हीसीडीवर साधारण सव्वा तास मावतो, म्हणून एकच सिनेमा दोन तबकड्यांवर असतो. त्या दोन प्रती नव्हेत, हे मुलांना लावून पाहू द्या. त्यातच गणित आलं आणि निरीक्षणही.

पाचवा रकाना मात्र आजी-आजोबांना विचारूनच भरायचा. मी तेवढं एक विचारलं असतं, तर मामींची 'कुंकू' आज घरात असती.