दूरचीं माणसें

मनुष्य डोळ्यांआड गेला म्हणजे त्याच्याविषयीं संशय वाढूं लागतो, हा अनुभव नवा नाहीं. परगांवीं शिकणाऱ्या मुलाच्या बाबतींत तो प्रत्येक घरास येतो. परंतु इ. स. २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी झाली आणि कचेऱ्याच घराघरांतून भरूं लागल्या, तेव्हांपासून या जुन्या अनुभवास नवें रूप आलें आहे.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव एका कंपनींत संगणकाचें काम करतात. सांथ सरली तरी त्यांची कचेरी आमच्या माडीवरच राहिली. हाताखालीं नऊ माणसें. कोणी नागपुरांत, कोणी हैदराबादेंत, एक तर दूर गुवाहाटीस. गेल्या महिन्यांत कंपनी नोकर कमी करणार अशी कुणकुण उठली. त्याबरोबर चिरंजीव दिवसांतून तीनदां सर्वांस पडद्यासमोर बोलावूं लागले. जेवतांनाही एक डोळा मोबाइलवर. एके रात्रीं ते म्हणाले, "काका, मंडळी हजर असतात, पण कामांत कोणाचा जीव नाहीं. नागपूरचा मुलगा तर तोंडच उघडीत नाहीं. काय करावें?"

आम्हीं विचारलें, "नोकरकपातीविषयीं तूं त्यांना काय सांगितलेंस?"

"वरून कांहीं कळल्याशिवाय काय सांगणार?"

तेव्हां आम्हांस जिंजी आठवली. १६८९ च्या मार्चमध्यें संभाजीमहाराजांचा वध झाला. त्याच वर्षीं रायगड पडला. राजाराममहाराज पन्हाळ्याहून निघून आजच्या तमिळनाडूंतील जिंजीच्या किल्ल्यावर पोंचले. पुढें १६९८ पर्यंत धनी तिकडे, मुलूख इकडे आणि मध्यें औरंगजेबाच्या फौजा, अशी स्थिति होती. पत्र केव्हां पोंचेल, किंबहुना पोंचेल कीं नाहीं, याची शाश्वति नव्हती. अशा वेळीं प्रत्येक गोष्टीस जिंजीची मंजुरी पाहिजे असा हट्ट धरला असता तर राज्य टिकलें असतें काय? रामचंद्रपंत अमात्यांस 'हुकूमतपनाह' असा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार त्यांच्या हातीं सोंपविला. शंकराजी नारायण त्यांच्या साहाय्यास राहिले. संताजी घोरपडे व धनाजी जाधव फौजा घेऊन मुलूखभर फिरत. निर्णय करणारा मनुष्य जागेवरच होता, म्हणून उत्तराची वाट पाहण्यांत संधि दवडावी लागली नाहीं.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बादशहा सरदारांस वतनांचें व मनसबींचें आमिष दाखवीत असे; त्यांस धरून ठेवण्यासाठीं आपल्याकडूनही वतनें द्यावीं लागलीं. पुढें 'आज्ञापत्रां'त वतनदारांविषयीं जो कडक इशारा आहे, तो याच अमात्यांचा. संताजी-धनाजींचें वैरही वेळीं मिटलें नाहीं, आणि १६९७ सालीं संताजी मारले गेले. तात्पर्य, अधिकार सोंपविला म्हणजे धनी मोकळा झाला असें नाहीं. दूरच्या दोघांमधील तेढ ओळखणें, आणि उद्यां न पेलणारें वचन आज न देणें, हीं कामें त्याच्याकडेच राहतात.

उपदेश करणाऱ्यानें आपली चूकही सांगावी. आम्ही मुख्याध्यापक असतांना संस्थेच्या एका खेड्यांतील शाखेची देखरेख आमच्याकडे होती. एका वर्षीं अनुदान अडलें व शिक्षकांचे पगार थांबले. ते केव्हां होतील हें आम्हांसही ठाऊक नव्हतें, म्हणून त्याविषयीं आम्हीं एक अक्षर लिहिलें नाहीं. हजेरीपट व टांचणवह्या मात्र दर आठवड्यास मागवूं लागलों. तेथील संस्कृतचे एक उत्तम शिक्षक सोडून गेले. जातांना ते एवढेंच म्हणाले, "सर, पगार नव्हता हें सोसलें असतें. घरीं कसें चाललें आहे, हें तुम्हीं एकदांही विचारलें नाहींत." त्या वाक्यास आमच्याजवळ तेव्हां उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

म्हणून चिरंजिवांस आम्हीं चार गोष्टी सांगितल्या. जें ठाऊक आहे तें स्पष्ट सांगावें; जें ठाऊक नाहीं तें 'ठाऊक नाहीं' असें सांगून पुन्हां केव्हां बोलूं तो वार नेमावा. काम नेमून द्यावें, घटका मोजूं नयेत. चूक एकट्यास सांगावी, कौतुक चौघांत करावें. आणि आठवड्यांतून एकदां तरी प्रत्येकाची, कामाखेरीज, विचारपूस करावी.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तीन बैठकींची एक केली, व सायंकाळीं नागपूरच्या मुलास दूरध्वनि केला. त्याचे वडील पंधरा दिवस रुग्णालयांत होते. तो रात्रीं त्यांच्या उशाशीं बसून काम उरकीत असे, आणि नोकरी जाईल या भीतीनें त्यानें ही गोष्ट कोणासही सांगितली नव्हती. कंपनीचें पुढें काय होईल हें अद्याप कोणास ठाऊक नाहीं. परंतु तो मुलगा आतां बैठकींत बोलतो.

आपल्या घरींही एखाद्या बंद दारामागें अशी कचेरी भरत असेल. तेथें बसणाऱ्यास काम किती झालें हें विचारणारे पुष्कळ असतात. रात्रीं पानावर बसल्यावर घरच्या वडील मंडळींनीं एवढेंच विचारावें, "तुझीं माणसें बरीं आहेत ना?" उत्तर देतां येत नसेल, तर उद्यां कोणास दूरध्वनि करावयाचा तें त्याचें त्यालाच कळेल.